अक्कलकोट रोड एमआयडीसीतील कार्यसंस्कृती आणि संघटनात्मक बदल

अक्कलकोट रोड एमआयडीसी ही सोलापूर शहराच्या आग्नेयेस, अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यालगत असलेली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची औद्योगिक वसाहत आहे. चादरी आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग कारखाने हे या वसाहतीचे प्रमुख वैशिष्ट्य असून सूतप्रक्रिया, रंगाई, शिलाई आदी पूरक उद्योगही येथे चालतात. येथील बहुतेक कारखाने लहान किंवा मध्यम आकाराचे आणि कौटुंबिक मालकीचे आहेत. प्रस्तुत लेखात या वसाहतीच्या आणि सोलापुरातील वस्त्रोद्योगाच्या संदर्भात कार्यसंस्कृती, समावेशकता, बदलांशी जुळवून घेण्याची क्षमता आणि संघटनात्मक बदलाचे नेतृत्व या विषयांची माहिती दिली आहे.

संज्ञा आणि अर्थ

एखाद्या कामाच्या ठिकाणी लोक एकमेकांशी कसे वागतात, निर्णय कोण घेतो, चूक झाल्यास काय होते, नव्या माणसाला कसे सामावून घेतले जाते, यांविषयीच्या रूढ समजुती आणि सवयी यांना एकत्रितपणे 'कार्यसंस्कृती' असे म्हणतात. अमेरिकन अभ्यासक एडगर शाइन यांनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात संस्थेच्या संस्कृतीचे तीन स्तर मानले आहेत. पहिला स्तर डोळ्यांना दिसणारा असतो. इमारत, फलक, पोशाख इत्यादी गोष्टी त्यात येतात. दुसरा स्तर बोलून दाखविल्या जाणाऱ्या मूल्यांचा असतो. तिसरा आणि सर्वांत खोल स्तर न बोलता गृहीत धरलेल्या समजुतींचा असतो. कारखान्याच्या भिंतीवर सुरक्षिततेचा फलक आहे, मालकही सुरक्षिततेविषयी आस्थेने बोलतात, परंतु बाहेर पडण्याच्या वाटेवर सुताच्या गोण्या रचलेल्या आहेत, असे दृश्य असेल तर तेथील खरी संस्कृती तिसऱ्या स्तरावर शोधावी लागते.

'समावेशकता' म्हणजे जात, धर्म, लिंग, भाषा, वय अथवा अपंगत्व यांमुळे कोणालाही कामाची संधी, कौशल्य शिकण्याची संधी आणि निर्णयातील वाटा नाकारला न जाणे. केवळ कामावर घेणे म्हणजे समावेशकता नव्हे. ज्या कामात कौशल्य, पैसा आणि मान आहे त्या कामापर्यंत पोहोचण्याची वाट खुली आहे काय, हा तिचा खरा निकष होय. 'संघटनात्मक बदल' म्हणजे यंत्रे, कामाची विभागणी, वेतनपद्धती किंवा अधिकार यांत हेतुपुरस्सर घडवून आणलेला बदल.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

गिरण्यांचा काळ

सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली. 'जुनी गिरणी' या नावाने ती पुढे ओळखली जाऊ लागली. तिच्यानंतर लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम इत्यादी गिरण्या उभ्या राहिल्या आणि सोलापूर हे मुंबई इलाख्यातील महत्त्वाचे गिरणगाव बनले. गिरण्यांबरोबरच हातमागाचा व्यवसायही शहरात भरभराटीला आला. तेलंगणातून आलेला पद्मशाली समाज या व्यवसायाचा कणा होता. त्याच्याबरोबर मोमीन, साळी, कोष्टी, कुरुहिनशेट्टी, तोगटवीर अशा अनेक विणकर समाजांनी शहराच्या वस्त्रपरंपरेत भर घातली. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चार भाषा येथील कामगारवस्त्यांत एकाच वेळी बोलल्या जात आणि आजही बोलल्या जातात.

गिरण्यांनी अनेक समाजांना एका छपराखाली आणले, तरी समाजातील उतरंड त्यांच्या दाराशी थांबली नाही. तत्कालीन गुन्हेगार जमाती कायद्यान्वये सोलापुरात कुंपणबंद वसाहत उभारण्यात आली होती आणि तेथील माणसे गिरण्यांमध्ये कामाला जात. त्यांना रोजगार मिळाला, परंतु हजेरीची सक्ती आणि जन्मावरून लागलेला गुन्हेगारीचा शिक्का कायम राहिला. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. शहरातील त्या भागाला लोक आजही 'सेटलमेंट' म्हणतात.

धोट्याचा प्रश्न

कापडगिरण्यांतील भेदभावाचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईच्या गिरण्यांतील आहे. गिरणीतील विणाई खाते हे अधिक मजुरीचे खाते होते. त्या काळच्या धोट्यात नवी कांडी बसविल्यावर सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याने वापरावयाचा, म्हणून स्पृश्य विणकर अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना त्या खात्यात येऊ देत नसत. परिणामी दलित कामगार कमी मजुरीच्या खात्यांतच अडकून राहिले. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न उघडपणे मांडला आणि विणाई खाते सर्वांना खुले करण्याची मागणी कामगारांच्या मागण्यांत घेतली जावी, असा आग्रह धरला.

या उदाहरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे भेदभाव हा केवळ मालकाकडून होतो असे नाही. सहकाऱ्यांच्या सवयींतही तो मुरलेला असतो. दुसरी म्हणजे तो पुष्कळदा एखाद्या तांत्रिक कारणाच्या आडोशाने टिकून राहतो. तोंडाने सूत ओढण्याची पद्धत आरोग्याच्या दृष्टीनेही घातक होती आणि हाताने सूत ओवता येईल असे धोटे बनविणे शक्य होते. तरीही कोणीतरी प्रश्न विचारीपर्यंत ती पद्धत स्वाभाविक मानली गेली.

साप्ताहिक सुट्टी

कामगारांच्या संघटित मागणीतून कार्यसंस्कृती बदलल्याचे महाराष्ट्रातील आरंभीचे उदाहरण म्हणजे साप्ताहिक सुट्टी. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि अर्ज, सभा यांच्या मार्गाने सुट्टीची मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज निसर्गनियमासारखी वाटणारी ही सवय एके काळी मागून मिळवावी लागली होती.

यंत्रमागांचा विस्तार

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरातील मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. मुंबईतही १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणी उद्योगाला उतरती कळा लागली. याच काळात भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि सोलापूर येथे यंत्रमाग वाढत गेले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि राज्यभर औद्योगिक वसाहती निर्माण होऊ लागल्या. सोलापूर परिसरात अक्कलकोट रोड आणि चिंचोळी या दोन वसाहती प्रमुख आहेत. हातमागाचे मालक असलेली अनेक विणकर कुटुंबे यंत्रमागाकडे वळली. जॅकार्डवर विणलेली सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल यांना पुढे भौगोलिक निर्देशांकही मिळाला.

गिरणीकडून यंत्रमागाकडे झालेल्या या स्थित्यंतरात कार्यसंस्कृतीचे रूप पालटले. गिरणीत हजारो कामगार, हजेरीपट, खातेप्रमुख, मान्यताप्राप्त संघटना आणि लेखी नियम होते. यंत्रमाग कारखान्यात थोडे कामगार, समोर बसलेला मालक आणि तोंडी व्यवहार असे चित्र निर्माण झाले.

वसाहतीतील कामाचे स्वरूप

चादर किंवा टॉवेल तयार होताना सूत अनेक हातांतून जाते. सुताची रंगाई होते, ताणा तयार केला जातो, बाण्यासाठी कांड्या भरल्या जातात, मागावर विणाई होते आणि त्यानंतर कापणी, शिलाई, तपासणी, घडी व बांधणी ही कामे होतात. माग चालविण्याचे काम मुख्यतः पुरुष करतात. कांड्या भरणे, टॉवेलच्या कडा शिवणे, घडी घालणे अशा कामांत स्त्रियांचे प्रमाण मोठे असते. मागाची दुरुस्ती आणि जुळवणी जॉबर पाहतो. त्याचे ज्ञान बहुधा पुस्तकी नसून अनुभवातून आलेले असते, म्हणून कारखान्यात त्याचा शब्द वजनदार असतो.

विणकराची मजुरी पुष्कळ ठिकाणी विणलेल्या मालावर ठरते. या पद्धतीत माग बंद राहिला की मजुरी बुडते. वीज गेली, सूत वारंवार तुटले किंवा नवे यंत्र शिकण्यात वेळ गेला, तरी तोटा प्रथम कामगाराला सोसावा लागतो. कामगार बदलाला विरोध करतो तेव्हा त्यामागे अज्ञान आहे असे मानले जाते. प्रत्यक्षात त्या आठवड्याच्या मजुरीची चिंता हेच पुष्कळदा त्याचे कारण असते.

सोलापुरातील अनेक मालक स्वतः विणकर कुटुंबांतून आले आहेत. मालक आणि कामगार यांची जात, भाषा व दैवत एकच असल्याची उदाहरणे पुष्कळ आढळतात. या जवळिकीचे फायदे स्पष्ट आहेत. अडीनडीला उचल मिळते, लग्नकार्यात मालक हजर असतो आणि आजारपणात धावून येतो. तिची दुसरी बाजूही आहे. हक्क मागणे हा कृतघ्नपणा ठरू शकतो, उचल फिटेपर्यंत काम सोडता येत नाही आणि नात्यागोत्याबाहेरच्या माणसाला कौशल्याचे काम शिकण्याची संधी कमी मिळते. जिव्हाळ्याचे रूपांतर नियमात न झाल्यास तो मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहतो.

समावेशकतेचे प्रश्न

स्त्रियांचे काम

सोलापुरातील कामगार कुटुंबांत पुरुष यंत्रमागावर आणि स्त्री विडीकामात अशी विभागणी दीर्घकाळ रूढ आहे. अक्कलकोट रस्त्यालगतच्या कुंभारी परिसरात विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे हस्तांतरण झाले. त्यानंतर याच परिसरात असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची रे नगर ही वसाहत हाती घेण्यात आली आणि तिच्यातील १५ हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आली. माजी आमदार व कामगार नेते नरसय्या आडम यांचा या दोन्ही प्रकल्पांत पुढाकार होता. कामगाराच्या नावे पक्के घर असणे ही बाब कार्यसंस्कृतीच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. राहण्याची सोय मालकाच्या आवारात नसली की कामगाराला मालकाशी बोलताना निवाऱ्याची धास्ती राहत नाही.

यंत्रमाग कारखान्यांतील स्त्रियांपुढचा नवा प्रश्न तंत्रज्ञानातून निर्माण झाला आहे. साध्या मागावर धोटा असतो आणि धोट्यात कांडी बसवावी लागते. रॅपिअर मागाला धोटा नसतो. त्यावर बाण्याचे सूत थेट कोनावरून ओढले जाते. म्हणजे धोटा गेला की कांडीही जाते, आणि कांडी गेली की कांड्या भरण्याचे काम संपते. नव्या मागामुळे कापडाचा दर्जा आणि उत्पादन वाढते, परंतु त्याची पहिली झळ कांड्या भरणाऱ्या स्त्रीला बसते. तिला रॅपिअर माग चालविणे, सूत तपासणे किंवा संगणकावर नक्षी उतरविणे शिकविले गेले नाही, तर कारखाना आधुनिक होतो आणि ती घरी बसते. एके काळी धोट्याच्या निमित्ताने विणाई खात्याची दारे बंद ठेवली गेली. आता धोटा नाहीसा होत असतानाही विणाईचे काम कोणाला शिकवायचे हा प्रश्न कायम आहे.

भाषा

घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कन्नड आणि सहकारी दखनी बोलणारा, ही सोलापुरातील कामगाराची नेहमीची स्थिती आहे. बोलण्यापुरते सर्वांचे भागते. अडचण लेखी मजकुराशी येते. केवळ इंग्रजीतील सूचनाफलक, यंत्रासोबत आलेली परदेशी माहितीपुस्तिका किंवा न वाचता अंगठा उमटवून घेतलेला कागद यांतून कामगार निर्णयाबाहेर राहतो. मागांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नाहीत, त्यामुळे विणकर खुणांनी बोलतात. चित्रे, रंग, ठरावीक खुणा आणि प्रत्यक्ष करून दाखविणे ही माध्यमे अशा ठिकाणी लांबलचक सूचनांपेक्षा अधिक उपयोगी ठरतात.

सण आणि सुट्ट्या

संक्रांतीच्या सुमाराची श्री सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव, रमजान ईद, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती असे अनेक सण शहर साजरे करते. कोणत्या दिवशी माग बंद राहणार हे केवळ मालकाच्या समाजावरून ठरले तर इतरांना खाडा करावा लागतो. वर्षाच्या आरंभी सर्वांशी बोलून सुट्ट्यांची यादी लावणे हा समावेशकतेचा अगदी साधा, विनाखर्च उपाय आहे.

अपंग आणि वयस्क कामगार

यंत्रमागाच्या सततच्या आवाजामुळे ऐकू येणे कमी होते आणि कापसाच्या तंतूंमुळे श्वसनाचे विकार होतात. आठ तासांच्या पाळीसाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल मानली जाते. म्हणजे अपंगत्व घेऊन येणाऱ्या कामगाराचा विचार करताना कामामुळे अपंगत्व आलेल्या कामगाराचाही विचार करावा लागतो. अनुभवी पण वयामुळे मंदावलेल्या विणकराला तपासणी किंवा प्रशिक्षणाचे काम देता येते. त्यामुळे त्याचे ज्ञान कारखान्यातच राहते.

संघटनात्मक बदलाचे सिद्धान्त आणि प्रयोग

कुर्ट लेविन

जर्मनीतून अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४७ साली बदलाचे तीन टप्पे सांगितले: जुन्या सवयींचा गोठा सैल करणे, नव्या पद्धतीकडे सरकणे आणि नवी पद्धत स्थिर करणे. यंत्र बसविणे हा यांपैकी केवळ मधला टप्पा आहे. पहिला टप्पा वगळल्यास विरोध होतो आणि तिसरा वगळल्यास काही महिन्यांत जुनी सवय परत येते. जॉन कॉटर यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात बदलाचे नेतृत्व आठ पायऱ्यांत मांडले. निकड पटवून देणे, सोबती गोळा करणे आणि लवकर दिसणारे छोटे यश मिळविणे या त्यांतील महत्त्वाच्या पायऱ्या होत.

हारवूडचा प्रयोग

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील हारवूड या कपडे शिवणाऱ्या कारखान्यात कामाची पद्धत वारंवार बदलावी लागे आणि प्रत्येक वेळी उत्पादन घसरे. लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच यांनी तेथे केलेल्या प्रयोगाचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला बदल फक्त सांगण्यात आला. दुसऱ्या गटाने प्रतिनिधी निवडून त्यांच्यामार्फत बदलाच्या आखणीत भाग घेतला. इतर गटांतील प्रत्येक कामगार आखणीत सामील झाला. ज्यांना केवळ सांगण्यात आले त्यांचे उत्पादन खालीच राहिले आणि पहिल्या ४० दिवसांत त्यांच्यातील १७ टक्के कामगार नोकरी सोडून गेले. सर्व सदस्य सामील झालेल्या गटांनी लवकरच पूर्वीची पातळी ओलांडली. काम तेच होते आणि कारखानाही तोच होता. फरक विचारण्याचा होता.

अहमदाबादचा प्रयोग

यंत्रमागाच्या दृष्टीने सर्वांत जवळचा प्रयोग अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत झाला. तेथे स्वयंचलित माग बसविल्यानंतरही अपेक्षित उत्पादन मिळत नव्हते. लंडनच्या टॅविस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ साली तेथील व्यवस्थेची पाहणी केली. २२४ मागांच्या त्या विभागात २९ कामगार होते आणि त्यांची कामे बारा प्रकारांत विभागलेली होती. कोणी सूत जोडणारा, कोणी कांडी भरणारा, कोणी तेल देणारा. प्रत्येक जण वेगवेगळ्या संख्येच्या मागांकडे पाहत असे आणि कोणत्याही एका मागाची संपूर्ण जबाबदारी कोणा एका गटाकडे नव्हती. राइस यांनी लहान गटांची कल्पना मांडली. कामगार आणि पर्यवेक्षक यांनी ती उचलून धरली, आपापले सोबती स्वतः निवडले आणि प्रत्येक गटाने ठरावीक मागांची जबाबदारी एकत्रितपणे घेतली. आरंभीच्या चढउतारानंतर उत्पादन वाढले आणि सदोष कापडाचे प्रमाण घटले.

या प्रयोगाची पुढील हकिकतही तितकीच बोधप्रद आहे. एरिक मिलर यांनी १९७० पर्यंतच्या स्थितीचा आढावा घेतला. त्यात गटपद्धती एका विभागात बऱ्याच अंशी टिकल्याचे, तर इतरत्र बाजाराच्या आणि उत्पादनाच्या दबावाखाली ती विरत गेल्याचे दिसून आले. चांगला बदल एकदा घडला म्हणजे आपोआप टिकतो असे नाही. परिस्थिती पालटली की त्याची पुन्हा निगा राखावी लागते.

सुरक्षितता आणि २०२५ ची आग

१८ मे २०२५ रोजी पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याला भीषण आग लागली. त्या इमारतीतच वास्तव्य असलेल्या मालकाच्या कुटुंबातील आणि कामगार कुटुंबातील मिळून आठ जणांचा तिच्यात मृत्यू झाला. मृतांत वृद्ध मालक होते आणि लहान मूलही होते. मालक आणि कामगार एकाच छपराखाली झोपत होते आणि आगीने त्यांच्यात भेद केला नाही.

ही घटना वसाहतीच्या कार्यसंस्कृतीविषयी एक मूलभूत प्रश्न पुढे आणते. लहान कारखान्यात काम आणि घर यांच्या सीमा अस्पष्ट असतात. सूत, टॉवेल आणि कापसाचे तंतू हे अत्यंत ज्वलनशील पदार्थ आहेत. हवेत उडणारे तंतू विजेच्या जोडण्यांवर साचतात आणि उन्हाळ्यात सोलापूरचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा जागी रात्री माणसे झोपत असतील तर दुसरी वाट, उघडी राहणारी दारे, धूर ओळखणारी यंत्रणा आणि तंतूंची रोजची सफाई या गोष्टी जीवनमरणाच्या ठरतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत सादर करावे लागते.

नियमांइतकेच महत्त्व बोलण्याच्या मुभेला आहे. ॲमी एडमंडसन यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 'मानसिक सुरक्षितता' ही संकल्पना कामाच्या गटांसंदर्भात मांडली. चूक, शंका किंवा धोका बोलून दाखविल्यास आपला पाणउतारा होणार नाही, हा गटातील सर्वांना वाटणारा विश्वास म्हणजे मानसिक सुरक्षितता. वायर गरम होत असल्याचे प्रथम लक्षात येते ते मागाजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या. त्याने ते सांगितल्यावर माग बंद ठेवावा लागणार असेल आणि त्याची मजुरी बुडणार असेल, तर तो गप्प राहण्याचा संभव असतो. दुरुस्तीसाठी थांबलेल्या वेळेची मजुरी देणे हा म्हणूनच सुरक्षिततेचाच एक उपाय ठरतो.

कायदेशीर चौकट

केंद्र शासनाच्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यांच्यासह इतर कायद्यांतील काही प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत:

• प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे.
• समान किंवा सारख्या स्वरूपाच्या कामासाठी लिंगावरून वेतनात भेद करता येत नाही.
• स्त्रियांना त्यांच्या संमतीने आणि सुरक्षिततेच्या अटींवर रात्रपाळीत काम करता येते.
• २० किंवा अधिक कामगार असल्यास तक्रार निवारण समिती नेमावी लागते. तिच्यात मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसंख्य असतात आणि स्त्रियांना प्रमाणानुसार स्थान द्यावे लागते.
• १० किंवा अधिक कर्मचारी असल्यास लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा, २०१३ नुसार अंतर्गत समिती आवश्यक आहे. त्याहून लहान ठिकाणच्या स्त्रियांना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.
• दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार मानले असून आस्थापनांनी समान संधी धोरण जाहीर करणे अपेक्षित आहे.

यांतील अनेक तरतुदी कामगारसंख्येवर अवलंबून आहेत. विजेवर चालणाऱ्या आस्थापनेला 'कारखाना' मानण्यासाठी नव्या संहितेत २० कामगारांची अट आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात ती १० होती. त्यामुळे लहान यंत्रमागधारकांचा मोठा वर्ग काही तरतुदींच्या बाहेर राहतो. भविष्य निर्वाह निधीच्या प्रश्नावर सोलापुरात मालक आणि कामगार संघटना यांच्यात दीर्घकाळ संघर्ष झाला, त्याच्या मुळाशीही 'एक कारखाना कोणास म्हणावे' हा वाद होता.

लहान कारखान्यातील बदलाची रीत

मोठ्या कंपन्यांत मनुष्यबळ विभाग आणि सल्लागार असतात. पंधरा-वीस माणसांच्या कारखान्यात यांपैकी काहीच नसते. तेथे मालक, जॉबर आणि एखादा जुना विणकर हेच बदलाचे नेते असतात. वरील अनुभवांवरून अशा ठिकाणच्या बदलाची ढोबळ रीत पुढीलप्रमाणे सांगता येते.

प्रथम, नवे यंत्र घेण्याचा विचार सुरू होतानाच त्याने कोणाचे काम जाईल आणि कोणते नवे काम निर्माण होईल, याची यादी करणे. दुसरे, त्या लोकांना खरेदीपूर्वीच विश्वासात घेणे. यंत्र बसल्यानंतरची चर्चा ही केवळ सूचना असते. तिसरे, शिकण्याच्या काळात सरासरी मजुरीची हमी देणे. चौथे, जॉबरला बदलाचा भागीदार करणे. त्याचे कौशल्य कालबाह्य होत आहे असे त्याला वाटले तर तो बदल अडवू शकतो आणि त्याला आधी शिकविले तर तोच इतरांचा शिक्षक होतो. पाचवे, एका-दोन मागांवर प्रयोग करून दोष दुरुस्त करणे. शेवटी, जे ठरले ते सर्वांना समजेल अशा भाषेत लिहून लावणे, म्हणजे ते कोणाच्या स्मरणावर किंवा मर्जीवर अवलंबून राहत नाही.

मर्यादा आणि मतभेद

या विचारांवर काही आक्षेप घेतले जातात. यंत्रमागधारकांच्या बाजूने असे मांडले जाते की सुताचे अस्थिर भाव, विजेचा खर्च, २०१६ ची नोटबंदी, २०१७ चा वस्तू व सेवा कर आणि २०२० ची टाळेबंदी यांनी लहान उद्योग आधीच खिळखिळा झाला असून प्रशिक्षणाचा आणि मजुरीच्या हमीचा भार तो एकट्याने उचलू शकत नाही. कामगार संघटनांचे म्हणणे असे असते की सहभागाच्या चर्चेमुळे वेतन, निधी आणि नोकरीची शाश्वती हे मूळ प्रश्न बाजूला पडतात. सहभागाचे प्रयोग मुख्यतः मोठ्या कारखान्यांत झाले असल्याने त्यांचे निष्कर्ष कौटुंबिक कारखान्यांना जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत, हाही आक्षेप रास्त आहे.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. सामूहिक प्रशिक्षण केंद्र, पाळणाघर, अग्निसुरक्षा पथक आणि कामगारांसाठी कारखान्याबाहेर निवासाची सोय या गोष्टी एकेका कारखान्याच्या आवाक्यात नसल्या तरी संपूर्ण वसाहतीने एकत्र येऊन, शासनाच्या साहाय्याने, उभारता येण्याजोग्या आहेत. कुंभारी परिसरातील घरकुलांनी अशा सामूहिक उपायांची शक्यता दाखवून दिली आहे. वेतन आणि शाश्वती यांना सहभाग हा पर्याय नाही; तो त्यांच्या जोडीने चालणारा भाग आहे.

हेही पाहा

• सोलापुरी चादर
• महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ
• नारायण मेघाजी लोखंडे
• यंत्रमाग
• पद्मशाली
• विडी उद्योग